अकरा नंबरचा नमुना

अकरा नंबरच्या निरीक्षण बोअरचा आकडा पडद्यावर आला तेव्हा ज्योत्स्ना पिंपळशेंडे प्रयोगशाळेत टेबलाशीच डबा खात होती. तिथे शून्य असायला हवं होतं. गेली चार वर्षं दर पंधरवड्याला तिथे शून्यच येत होतं. आज चौदा आले होते.

चौदा म्हणजे एक लाख कोटी कणांमागे चौदा कण. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं. पण हा वायू निसर्गात कुठेच नसतो. तो कारखान्यात बनवून मुद्दाम जमिनीत सोडलेला होता, आणि तो सोडण्याचा निर्णय ज्योत्स्नाचाच होता. खालचं काही वर आलं, तर ते आपलंच आहे हे ओळखता यावं म्हणून. प्रयोगशाळेत सगळे त्याला खूणवायू म्हणत.

तिनं डबा बंद केला आणि हात धुऊन आली. परत येऊन पाहिलं, तरी चौदाच.

२०४१ सालचा फेब्रुवारी होता. आठ वर्षांपूर्वी आलेल्या कायद्यानुसार तीस वर्षं जुनी झालेली कोळशाची वीजकेंद्रं बंद करायची होती. त्यात एक सवलत होती: ज्या केंद्राच्या धुरातला नव्वद टक्के कार्बन डायऑक्साइड जमिनीत कायमचा गाडला जातो, असं दरवर्षी प्रमाणित होईल, ते पुढे चालू शकेल. वर्धा नदीच्या काठी कोळसा होता, वीजकेंद्र होतं. पश्चिमेला चाळीस किलोमीटरवर दख्खनचा काळा पत्थर सुरू होत होता. त्या दोन्हींना जोडणारी नळवाहिनी टाकली गेली आणि शिलाबंध प्रकल्प उभा राहिला.

कल्पना सोपी होती. धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा, दाब देऊन पाण्यात विरघळवायचा, आणि सोड्याच्या बाटलीतल्यासारखं ते फसफसणारं पाणी सहाशे मीटर खोल सोडायचं. काळ्या पत्थरात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. आम्लधर्मी पाणी ते विरघळवतं आणि कार्बनचा त्यांच्याशी संयोग होऊन चुनखडीसारखा पांढरा खडा बनतो. दोन वर्षांत धुराचा दगड होतो. दगड कुठे पळून जात नाही. शिवाय हा पत्थर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून बनलेला. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट, झाकणासारखा. पाणी मुरायला जागाही आहे आणि वर झाकणही. ज्योत्स्नानं हे सगळं शाळाशाळांतून समजावून सांगितलं होतं. तिचा त्यावर विश्वास होता. प्रमाणपत्रावर दरवर्षी सही तिचीच असे.

झाकणाला चीर असेल तर काय, हेही तिला माहीत होतं. अकरा नंबरची बोअर खैरडोह गावाच्या शिवारात होती.

विभागप्रमुख सबनीससाहेबांनी कागद दोनदा वाचला. "एकच नमुना आहे हा."

"हो सर."

"बाटली दूषित असू शकते. एका नमुन्यावर कोणताही शास्त्रज्ञ काही जाहीर करत नाही. रीतसर फेरतपासणी लावा. किती दिवस लागतील?"

"बाहेरच्या प्रयोगशाळेतून तीन आठवडे."

"मग तीन आठवड्यांनी बोलू." सबनीसांनी कागद तिच्याकडे सरकवला. पुढच्या सोमवारी जनसुनावणी होती, नव्या युनिटची आणि नव्या खुल्या खाणीची. त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना एकटीच जीप घेऊन खैरडोहला गेली. नवी बाटली, नवी नळी, हातात नवे मोजे. स्वतः पाणी उपसलं, स्वतः सील केलं, आणि दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना स्वतः तपासलं. एकोणीस आले.

नमुन्यांच्या नोंदवहीत तिनं ही नोंद केली नाही. आकड्याचा कागद घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला. नोंद उद्या करू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

रविवारी ती भावाकडे जेवायला गेली. हेमराज वीजकेंद्रात कोळसा हाताळणी विभागात कंत्राटी कामगार होता. वडीलही तिथेच राखेच्या विभागात होते आणि वसाहतीतल्याच शाळेत दोघं भावंडं शिकली होती. हेमराजचा पाय अपघातात अधू झाल्यापासून त्याला कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या नियंत्रण खोलीत बसवलं होतं. हे काम गेलं तर दुसरीकडे असं बसून करायचं काम मिळणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"उद्या तू बोलणार आहेस ना ताई?" त्यानं तिच्या पानात पोळी वाढत विचारलं.

"बोलावं लागेल."

"अख्खी वसाहत तुझ्या तोंडाकडे बघून राहिली आहे. ते सौरवाले येऊन सांगतात, आम्ही कामं देऊ. दिली ना त्या पलीकडच्या गावात. हजार एकरांवर पाट्या मांडल्या आणि पुसायला अकरा माणसं. आम्ही तीन हजार आहोत." तो हसला. "हवा खराब होते, मला कळत नाही का? माझाच खोकला आहे हा. पण तुम्ही लोकांनी धूर खाली घालायची युक्ती काढली ना. मग आता बंद कशाला?"

ज्योत्स्ना पोळी मोडत राहिली. खणातल्या कागदाबद्दल ती काही बोलली नाही.

जनसुनावणी तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात होती. मांडवाच्या एका बाजूला वसाहतीतले कामगार, दुसऱ्या बाजूला गावकरी, मध्ये पोलीस. सकाळभर दोन्हींकडून माणसं उठून बोलत होती. एका डॉक्टरीणबाईंनी खाणीजवळच्या गावांतल्या दमेकऱ्यांची यादी वाचली. कामगार संघटनेचा माणूस म्हणाला की सूर्य मावळल्यावर तुमच्या दवाखान्यातलं व्हेंटिलेटर कशावर चालतं ते आधी सांगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बॅटऱ्या आहेत. तो म्हणाला, ऐन भादव्यात चार दिवस ऊन नव्हतं तेव्हा कुठे होत्या? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

मग उरकुडे सर उठले. खैरडोहचे. कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. अकरावीत ज्योत्स्नाला वर्गात पहिल्यांदा "तू पुढे शिक" असं कुणी सांगितलं असेल तर ते त्यांनीच. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला नाही. खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी हरकत वेगळी आहे. धूर गाडता येतो म्हणून आपण आणखी कोळसा जाळायला लागलो, तर ही युक्ती नुसती सबब होते. गावातल्या त्रेचाळीस जणांच्या हरकती माझ्याकडे आहेत. पण बहुतेकांची भीती एकच आहे, की आपल्या पाण्यात काही येतं का. त्याचं उत्तर देणारं माणूस इथे बसलेलं आहे." ते तिच्याकडे वळले. "ज्योत्स्ना, मी तुला मॅडम म्हणत नाही, राग मानू नको. खैरडोहच्या पाण्यात खालचं काही आलं आहे का? तू सांगशील ते मी मानीन."

हो आणि नाही यांखेरीज तिच्यासमोर तिसरं उत्तर होतं. "एक नमुना संशयास्पद आहे, तपासणी चालू आहे," एवढं म्हणता आलं असतं. ते वाक्य तिनं वाटेत गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. मांडवाच्या डाव्या बाजूला हेमराज काठी टेकून उभा होता.

"नाही सर," ती म्हणाली. "काही आलेलं नाही."

सरांनी मान डोलावली. हातातला कागदांचा गठ्ठा पिशवीत ठेवत ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "झालं. ही माझी विद्यार्थिनी आहे." संध्याकाळपर्यंत खैरडोहच्या त्रेचाळीसपैकी एकेचाळीस हरकती मागे घेतल्या गेल्या.

वसाहतीत तिला ओवाळलं. तीन आठवड्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: बाटली वाटेत फुटली, नमुना पुन्हा पाठवावा. ज्योत्स्नानं तो पाठवला नाही. सबनीसांनी विचारलं नाही. अकरा नंबरच्या बोअरचा पंप बिघडला असल्याची नोंद तिनं वहीत केली, आणि दर पंधरवड्याला त्याखाली 'वरीलप्रमाणे'चं चिन्ह काढत गेली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात खैरडोहचा लक्ष्मण टेकाम विहिरीत गेला.

लक्ष्मण चौतिशीचा होता. पंपदुरुस्तीत पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता. उरकुडे सरांच्या विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि पंपाच्या नळीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळात अडकला होता. दुपारी बाराच्या सुमाराला तो दोराला धरून पायऱ्यांनी खाली उतरला. पाण्यापासून सहासात हातांवर एका पायरीवर तो थकल्यासारखा बसला. वरून चुलतभावानं हाक मारली तर त्यानं वर पाहिलं, आणि मग नुसता बाजूला कलला. चुलतभाऊ खाली धावायला निघाला. सरांनी त्याला मागून घट्ट धरून ठेवलं, ओढाताणीत त्याचा सदरा फाटला तरी सोडलं नाही. नाहीतर दोघं गेले असते.

ज्योत्स्नाला प्रयोगशाळेत कळलं. खाली काय घडलं असणार, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. घट्ट थरात कुठेतरी उभी चीर होती. तिच्यातून फसफसणारं पाणी वर चढलं. वर येताना दाब कमी झाला आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू मोकळा झाला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो विहिरीच्या तळाशी साचतो, दिसत नाही, फारसा वासही येत नाही. त्यात उतरलेल्या माणसाला दोनचार श्वासांत भोवळ येते.

शिलाबंध चालवणाऱ्या कंपनीनं त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. खोल विहिरींत असे वायू नैसर्गिकरीत्याही साचतात, उतरण्यापूर्वी खबरदारी घेण्यात आली नव्हती, मृताच्या कुटुंबाबद्दल सहवेदना. त्यातलं कोणतंही वाक्य खोटं ठरवता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खैरडोहला गेली. सर ओसरीवर बसले होते. दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत.

"आलीस?" ते म्हणाले. "बस. बरं झालं तू आलीस. विहिरीतली हवा तपासून दे, म्हणजे लोकांना कळेल तरी."

तिनं बाटली दोरीनं खाली सोडली, भरून वर घेतली, झाकण लावलं. आजूबाजूला माणसं बघत उभी होती. टेकामांच्या घराकडून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. सरांच्या पत्नीनं तिला चहा आणून दिला. तुला माहीत होतं का, असं सरांनी विचारलं असतं तर तिनं कदाचित सांगितलं असतं. त्यांनी विचारलं, "सकाळी काही खाऊन निघालीस का?" तिनं मान हलवली आणि तो चहा प्यायला. पुढे कित्येक दिवस तिला त्या चहाची सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

बाटलीत खूणवायू तीनशे बारा होता.

या वेळी तिनं नोंद केली. खणातला जुना कागद काढला, दोन्हींच्या प्रती केल्या आणि चौकशी समिती नेमली गेली त्याच दिवशी समितीच्या सचिवांना नेऊन दिल्या. सबनीस म्हणाले, "तुम्ही दुसरा नमुना घेतला होता? मला का नाही सांगितलं?" त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि थोडी सुटकाही. दुसऱ्या नमुन्याबद्दल त्यांना खरंच माहीत नव्हतं.

हेमराजला तिनं समितीपुढे जाण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. तो अंगणात काठीला नवं रबर बसवत होता.

"आता केंद्र बंद होईल," ती म्हणाली. "प्रमाणपत्राशिवाय चालवता येणार नाही."

"हं."

"मी सुनावणीत खोटं बोलले ते... समोर तू उभा होतास, हेमू."

त्याचे हात थांबले. "तू फेब्रुवारीत खरं सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी भांडलो असतो. वर्षभर तोंड बघितलं नसतं तुझं. पण तो माणूस राहिला असता ना?" रबर बसेना म्हणून त्यानं ते खाली टाकलं. "मी काम मागितलं होतं ताई. हे नव्हतं मागितलं. माझ्यासाठी केलं असं उद्या तिथे बोलू नको. कुठेच बोलू नको."

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला नाही.

समिती खैरडोहच्या शाळेत बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांच्यासोबत एक भूजलतज्ज्ञ आणि एक सचिव. लाकडी बाकांवर गाव दाटीवाटीनं बसलं होतं. पुढच्या बाकावर लक्ष्मणची बायको सुनंदा होती, आणि तिच्या शेजारी उरकुडे सर.

ज्योत्स्नानं तारखांसकट सगळं सांगितलं. पहिला नमुना, दुसरा नमुना, खण, सुनावणीतलं उत्तर, पंप बिघडल्याची नोंद. तिच्या वकिलानं आधी सुचवलं होतं की दुसऱ्या नमुन्याचा निकाल सुनावणीनंतर हाती आला असं म्हणता येईल. ती तसं म्हणाली नाही.

भूजलतज्ज्ञांनी चष्मा वर करून विचारलं, "तुम्ही फेब्रुवारीत हे कळवलं असतं तर तांत्रिकदृष्ट्या काय करावं लागलं असतं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. "खैरडोहच्या बाजूच्या तीन बोअरमधून खाली पाणी सोडणं थांबवायचं. गावातल्या विहिरींवर पहारा. चीर नेमकी कुठे आहे ते शोधून पश्चिमेला नव्या बोअर घ्यायच्या."

"किती काळ?"

"सहा ते आठ महिने."

"तेवढाच काळ वीजकेंद्र बंद राहिलं असतं?"

"पूर्ण बंदही नाही. निम्म्या क्षमतेनं चाललं असतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. ज्योत्स्नानं मान वर केली नाही. तीन हजार माणसांचं काम वाचवायचं म्हणून तिनं जे केलं होतं, त्यानंच ते आता जाणार होतं.

"तुम्ही बसा," अध्यक्ष म्हणाल्या.

तेवढ्यात उरकुडे सर उभे राहिले. "मला साक्ष द्यायची आहे."

"तुमची साक्ष झाली आहे सर. मंगळवारी."

"ती अपुरी होती." ते टेबलापाशी आले. "मी दर उन्हाळ्यात विहिरीत आधी पेटता कंदील सोडतो, मगच माणूस उतरवतो. कंदील विझला तर उतरायचं नाही. हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्या दिवशी लक्ष्मणनं मला विचारलं, सर, कंदील आणू का? मी म्हणालो, राहू दे. आपलं पाणी ज्योत्स्नानं तपासलं आहे." त्यांनी टेबलावर हात टेकला. "हे मी मंगळवारी सांगितलं नाही. मला लाज वाटली. तेव्हा जबाबदार माणसांत माझंही नाव लिहा."

"सर, तुम्ही नाही," ज्योत्स्ना बाकावरून म्हणाली. "सर, तुम्ही काही केलं नाही."

सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसता आला असता. "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "काही केलं नाही. तपासायचं ते तपासलं नाही. अध्यक्षबाई, लिहून घ्या, वसंत नारायण उरकुडे, वय त्र्याहत्तर."

सचिवानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी लिहून घ्यायची खूण केली. ज्योत्स्नाच्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं जात असताना ती पेनाच्या टोकाकडे पाहत राहिली. आपल्या शिक्षेची तिनं तयारी ठेवली होती. नोकरी जाणार, कदाचित खटला होणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. पण याची तयारी तिच्याकडे नव्हती.

दुपारी समिती उठली. खाली पाणी सोडणं त्याच दिवशी थांबवण्याचा आणि प्रमाणपत्र रद्द करण्याचा आदेश वाचून दाखवला गेला. माणसं हळूहळू बाहेर पडली. कुणी ज्योत्स्नाला शिव्या दिल्या नाहीत. तिला वाट देताना जरा जास्तच बाजूला सरकत होती इतकंच.

शाळेच्या फाटकाशी सुनंदा टेकाम उभी होती. तिच्यापुढून जावंच लागणार होतं. ज्योत्स्नानं हात जोडले.

सुनंदाच बोलली. "मॅडम, आमच्या दारी बोअर हाय. हातपंपाची. लेकरं तेच पाणी पेतात. पाजू का नको?"

"मला माहीत नाही," ज्योत्स्ना म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. "तपासावं लागेल. मी... आत्ता बाटली आहे माझ्याकडे. मी लगेच..."

"तुमी नको," सुनंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. "दुसऱ्या कोनाले तरी पाठवजा."

ज्योत्स्नानं पिशवीतून कागद काढला. जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेतल्या एका बाईंचं नाव आणि फोन नंबर लिहिला. त्या उद्या येतील, पैसे लागत नाहीत, तोवर टँकरचं पाणी घ्या, असं सांगितलं. एक आकडा पुन्हा गिरवला.

सुनंदानं कागद घेतला, पण कमरेला खोचला नाही. वळून ती उरकुडे सरांपाशी गेली आणि तो त्यांच्यापुढे धरला. "सर, हा नंबर खरा हाय का, पाहून द्या."

सरांनी खिशातून चष्मा काढून लावला. कागद उजेडाकडे धरला. ज्योत्स्ना चार पावलांवर उभी होती. तिच्याकडे न बघता त्यांनी एकेक आकडा वाचून फोनवर दाबला, आणि पलीकडून कुणी उचलेपर्यंत तिथेच उभे राहिले.